मुकादमाची पायरी आणि संचालकांची खोली : मुंबईच्या उद्योगविश्वातील बढतीचा इतिहास

प्रास्ताविक

उद्योगपतींची व व्यवस्थापकांची चरित्रे वाचू लागले की एक विधान हमखास भेटते : अमुक गृहस्थांनी अगदी तळापासून सुरुवात केली आणि स्वकर्तृत्वाने ते कंपनीच्या सर्वोच्च पदावर पोहोचले. गौरवग्रंथांत, निवृत्तीच्या समारंभांत, अलीकडे व्यवस्थापनशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांतही हे विधान इतक्या वेळा येते की त्यातील ‘तळ’ म्हणजे नेमके कोणते ठिकाण, हा प्रश्न विचारण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र तो विचारला पाहिजे. एखाद्या समाजात खालून वर जाण्याची वाट कोणासाठी मोकळी होती, कोठपर्यंत मोकळी होती आणि कोणत्या दाराशी ती अडत होती, हे समजल्याखेरीज त्या समाजातील औद्योगिक भांडवलशाहीचे स्वरूप ध्यानात येत नाही.

प्रस्तुत निबंधात या प्रश्नाचा विचार मुख्यतः मुंबई शहराच्या संदर्भात केला आहे. मुंबईत एकाच शतकात उद्योगसंस्थेचे दोन वेगळे नमुने उभे राहिले. एक, १८५४ पासून वाढत गेलेला कापड गिरण्यांचा धंदा; आणि दुसरा, विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात स्थिरावलेली परदेशी कंपनीची आधुनिक व्यवस्थापनपद्धती. पहिल्याचे केंद्र परळ-लालबागच्या परिसरात होते. दुसऱ्यातील सर्वांत गाजलेल्या कंपनीचा साबणाचा कारखाना १९३४ मध्ये त्याच गिरणगावाच्या पूर्व कडेला, शिवडीस, सुरू झाला. दोन्ही ठिकाणी बढतीची शिडी होती. पण त्या शिड्या एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या, हा या निबंधाचा मुख्य प्रतिपाद्य मुद्दा आहे.

गिरणीतील शिडी

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये बॉम्बे स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली व १८५६ मध्ये तिच्या ताडदेव येथील गिरणीत सूत निघू लागले. यंत्रे इंग्लंडहून आली, आणि यंत्रांबरोबर ती चालविणारी माणसेही आली. लँकेशायरमधून आणलेले स्पिनिंग मास्तर, वीव्हिंग मास्तर व इंजिनिअर हे प्रारंभीच्या गिरण्यांचे तांत्रिक अधिकारी होते. भांडवल पारशी, भाटिया, गुजराती व बगदादी यहुदी व्यापाऱ्यांचे होते आणि मजूर प्रामुख्याने रत्नागिरी, सातारा यांसारख्या जिल्ह्यांतून आलेले होते. अधिकारी व मजूर यांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मालकाला दोघांच्याही कामाची फारशी माहिती नव्हती. या पोकळीत जो उभा राहिला तो जॉबर, म्हणजेच मुकादम.

मुकादम हा मूळचा कामगारच असे. यंत्रावर काही वर्षे काढलेला, त्याचे दुखणे-खुपणे ओळखणारा आणि गावाकडून माणसे आणू शकणारा गडी या पदास पोहोचे. भरती, हजेरी, बदली कामगारांतून रोजची निवड, कामाची वाटणी, शिस्त आणि यंत्राची किरकोळ दुरुस्ती ही सारी कामे त्याच्याकडे असत. त्याच्या वर हेड जॉबर असे. वाइंडिंग व रीलिंगच्या खात्यांत, जेथे स्त्रिया काम करीत, तेथे हेच काम नायकीण करी. १९२० च्या दशकात गिरण्यांतील कामगारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे एक-पंचमांश होते; त्यांच्या दृष्टीने नायकीण हीच वर जाण्याची पहिली आणि शेवटची पायरी होती.

मुकादमाविषयी समकालीन लेखनात फारसे चांगले बोललेले नाही. नोकरी देण्यासाठी तो दस्तुरी घेई, कर्ज देई, खोली मिळवून देई आणि या साऱ्याची वसुलीही करी. १९२९ मध्ये नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. त्यानंतरच्या इतिहासकारांनी हे चित्र बरेच सौम्य केले आहे. मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९६५ मधील आपल्या ग्रंथात मुकादमपद्धतीचा उगम गिरणीच्या प्रशासकीय गरजेत शोधला. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुकादमाची सत्ता किती सापेक्ष होती, ती वस्तीतील हितसंबंधांवर आणि कामगारांच्या संमतीवर कशी अवलंबून होती, हे दाखविले. मुकादमाने माणसे न सांभाळल्यास माणसेही त्याला सांभाळीत नसत. ही मांडणी अधिक पटण्याजोगी आहे.

तथापि या सर्व चर्चेत मुकादमाच्या सत्तेचाच विचार झाला. तो पुढे कोठे जाऊ शकत होता, याचा विचार त्या मानाने कमी झाला. याचे उत्तर थोडक्यात असे की तो पुढे कोठेच जात नसे. हेड जॉबरच्या वर असिस्टंट मास्तर, मास्तर व मॅनेजर अशी पदे होती. पण त्यांची भरती खालून होत नसे. एस. एम. रुतनागर यांनी १९२७ मध्ये मुंबईच्या गिरण्यांविषयी जो बृहद्ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील माहितीवरून १८९५ मध्ये या वरच्या तांत्रिक व व्यवस्थापकीय जागांपैकी दोन-पंचमांशांच्या आसपास युरोपीयांकडे होत्या असे दिसते. १९२५ पर्यंत हे प्रमाण तीन-दशांशांच्या खाली आले होते. म्हणजे युरोपीय कमी होत होते. पण त्यांच्या जागी येत होते ते साच्यावरून उठलेले कामगार नव्हेत. त्यांत सर्वांत मोठा वाटा पारशी समाजातील सुशिक्षित तरुणांचा होता.

गिरणीच्या शिडीच्या खालच्या पायऱ्याही सर्वांना सारख्या नव्हत्या, हेही येथे नोंदविले पाहिजे. साचाखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी तुलनेने अधिक होती. धोट्यातील धागा तोंडाने ओढून घेण्याची रीत असल्याने विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना त्या खात्यात येऊ दिले जात नव्हते. १९२८-२९ च्या संपकाळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे आणि जाहीरपणेही मांडला. येथे अडवणूक मालकाच्या नियमाने झालेली नव्हती, सहकाऱ्यांच्या आग्रहाने झालेली होती. बढतीचा इतिहास केवळ मालक-मजूर संबंधाच्या चौकटीत मावत नाही, याचा हा ठळक पुरावा होय.

तंत्रशिक्षणाचे दार

युरोपीयांची जागा घेणारा भारतीय तंत्रज्ञ ज्या संस्थेने प्रामुख्याने घडविला ती व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट. १८८७ मध्ये स्थापन झालेली ही संस्था भायखळ्यास सुरू झाली, १९२३ मध्ये माटुंग्यास गेली आणि १९९७ पासून वीरमाता जिजाबाई यांचे नाव धारण करून आहे. वस्त्रतंत्र आणि यंत्रशास्त्र हे तिचे प्रारंभापासूनचे विषय होते. येथील शिक्षणक्रम पुरा केलेला विद्यार्थी गिरणीत उमेदवार म्हणून शिरे आणि मास्तरपदाची आशा धरू शके. ‘उमेदवार’ हा शब्द येथे त्याच्या जुन्या कचेरीतील अर्थाने घ्यावयाचा : आज विनावेतन किंवा अल्पवेतनावर काम, आणि उद्या जागा.

ही संस्था गिरणगावाच्या वेशीवरच होती. पण तेथे जाण्यासाठी इंग्रजी शालेय शिक्षण लागे आणि काही वर्षे मिळकतीवाचून राहण्याइतकी घरची स्थिती लागे. दहा-बारा तासांची पाळी करणाऱ्या साचेवाल्याच्या आवाक्यातील या गोष्टी नव्हत्या. अशा रीतीने तंत्रशिक्षणाने वंशाचा अडसर दूर केला आणि त्याच वेळी शाळेचा अडसर उभा केला. याबद्दल संस्थेस दोष देणे अन्यायाचे होईल. यंत्राचे शास्त्र शिकलेला माणूस गिरणीस हवाच होता. पण ज्याने यंत्र हाताळून ओळखले होते त्याला ते शास्त्र शिकविण्याची सोय गिरण्यांनीही केली नाही आणि सरकारनेही त्या प्रमाणात केली नाही, हे खरे.

याच्या उलट उदाहरण शोधावयाचे तर नागपूरला जावे लागते. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. तांत्रिक बाजू जेम्स ब्रुक्सबी या इंग्रज गृहस्थाकडे होती; व्यवस्थापक म्हणून मात्र जमशेटजींनी बेझनजी दादाभाई मेहता यांना निवडले. मेहता रेल्वेच्या नोकरीतले. कापडधंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. माल, माणसे व वेळ यांचा हिशेब ठेवण्याची रेल्वेतील शिस्त गिरणीला उपयोगी पडेल, हा जमशेटजींचा होरा असावा आणि तो बरोबर ठरला. तरुणांना उमेदवार म्हणून घेऊन तयार करण्याची पद्धतही या गिरणीत लवकर रुजली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी १८८६ मध्ये आणि अपघाताची नुकसानभरपाई १८९५ मध्ये आली. मात्र बेझनजींनंतर त्यांचे चिरंजीव सोराबजी मेहता हे त्याच गिरणीच्या प्रमुखपदी आले. कर्तृत्वाने मिळालेले पद एका पिढीत वारशासारखे होऊ शकते, हेही एम्प्रेस मिलच्याच इतिहासात दिसते.

शिडी सोडून गेलेले

वाट अडली की माणूस एकतर थांबतो नाही तर दुसरी वाट काढतो. मुंबईतील बढतीच्या इतिहासाचा एक भाग म्हणूनच मुंबईबाहेर किंवा गिरणीबाहेर शोधावा लागतो.

लक्ष्मणराव किर्लोस्कर हे व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतच यांत्रिक रेखन शिकवीत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांना न्याय्य असलेली बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली आणि लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. बेळगावात बंधू रामूअण्णा यांच्यासह सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी, हा पुढचा इतिहास परिचित आहे. भारतीयांना तंत्रज्ञानात वर चढविण्यासाठी काढलेल्या संस्थेतच एका भारतीय तंत्रज्ञाची चढण थांबली, ही विसंगती मात्र त्या गौरवगाथेत पुष्कळदा निसटते.

किर्लोस्करवाडीत शिडीचा प्रकार वेगळा होता. माध्यमिक शिक्षण अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर तेथे कल्पक अभियंता म्हणून नावारूपास आले. शिक्षा भोगून आलेले तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग हे वसाहतीचे विश्वासू राखणदार झाले. लहान कारखान्यात मालक स्वतः कामाच्या ठिकाणी असतो, माणसाचा हात त्याला दिसतो. प्रमाणपत्राची गरज तेवढी कमी होते. पण माणसे अशी पारखून घेण्याची पद्धत मालकाच्या नजरेवर उभी असते. ती संस्थेचा नियम क्वचितच बनते.

दुसरी वाट नेतृत्वाची, पण कंपनीच्या बाहेरच्या नेतृत्वाची. नारायण मेघाजी लोखंडे यांनी रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केल्यानंतर एका गिरणीत कोठारपालाचे काम केले. १८८० मध्ये त्यांनी ‘दीनबंधु’ पत्राची धुरा घेतली, १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १० जून १८९० रोजी रविवारच्या साप्ताहिक सुटीचा निर्णय गिरणीमालकांकडून मिळविला. १९२८ मध्ये गिरणी कामगार युनियन स्थापन झाली तेव्हा तिचे अध्यक्षपद अर्जुन आत्माराम आळवे या प्रत्यक्ष गिरणीत काम केलेल्या गृहस्थाकडे आले. पुढच्याच वर्षी मीरत कटाच्या खटल्यात ते आरोपी होते. हजारो माणसांची संघटना बांधणे, मागण्यांचे मसुदे करणे, मालकांशी व सरकारशी वाटाघाटी करणे ही कामे कोणत्याही व्यवस्थापकास शोभावीत अशीच आहेत. ज्यांच्या अंगी ते गुण होते त्यांच्यापुढे गिरणीत मुकादमाच्या पुढची जागा नव्हती. मुंबईच्या कामगार चळवळीचे सामर्थ्य केवळ या एका कारणाने स्पष्ट होणार नाही. तरी त्या सामर्थ्याचा काही अंश या अडलेल्या बढतीत आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

सुधारणेचा अनपेक्षित परिणाम

व्हिटली आयोगाने मुकादमाच्या भरतीच्या अधिकारास आळा घालून त्यासाठी लेबर ऑफिसर नेमावेत अशी शिफारस केली. मुंबईच्या गिरणीमालक संघाने १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आणली, त्यामुळे रोजच्या निवडीतील मुकादमाची मनमानी कमी होऊ लागली. १९३४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसरचे पद निर्माण केले. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले, तेच पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून प्रसिद्ध झाले. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांत कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले.

कामगारांच्या दृष्टीने या सर्व सुधारणा हिताच्या होत्या, याविषयी शंका नाही. दस्तुरी देऊन नोकरी टिकविण्याची पाळी कमी कामगारांवर येऊ लागली. पण बढतीच्या दृष्टीने पाहता एक निराळी गोष्ट घडली. मुकादम आणि मास्तर यांच्यामध्ये जी जागा रिकामी होती, आणि जी अनुभवी मुकादमास प्रशिक्षण देऊन त्याच्यासाठी खुली करता आली असती, ती जागा आता बाहेरून आलेल्या पदवीधराने भरली. माणसे हाताळण्याचे कौशल्य हा मुकादमाचा एकमेव भांडवली ठेवा होता. तोच एका नव्या व्यवसायाचा, आणि अभ्यासक्रमाचा, विषय झाला. अन्याय दूर करताना पायरीही निघून गेली. सुधारकांच्या हे ध्यानात आले नसावे. त्यांच्या डोळ्यांपुढे पिळवणूक करणारा मुकादम होता, बढतीस पात्र असलेला कामगार नव्हता.

कोव्हेनंटेड नोकरी आणि भारतीयीकरण

ब्रिटिश व्यापारी पेढ्यांत आणि परदेशी कंपन्यांत कर्मचाऱ्यांचे दोन वर्ग होते. विलायतेतून करारावर नेमलेले ते ‘कोव्हेनंटेड’. हा शब्द ईस्ट इंडिया कंपनीच्या सनदी नोकरांपासून चालत आलेला. त्यांना प्रवासखर्च, दीर्घ रजा, बंगला आणि क्लब. बाकीचे सारे येथेच भरती झालेले कारकून, हिशेबनीस, टंकलेखक. दुसऱ्या वर्गातला हुशार माणूस हेडक्लार्क होई आणि तेथेच निवृत्त होई. गिरणीतील हेड जॉबर आणि पेढीतील हेडक्लार्क ही एकाच प्रकारच्या बंद शिडीची दोन टोके होत, फक्त एकाच्या हाताला तेल आणि दुसऱ्याच्या हाताला शाई लागलेली.

ही व्यवस्था ज्या कंपनीत सर्वप्रथम आणि सर्वांत पद्धतशीरपणे मोडली गेली ती युनिलिव्हरची भारतातील कंपनी. सनलाइट साबण १८८८ मध्ये भारतात आला होता. हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी १९३१ मध्ये, लिव्हर ब्रदर्स इंडिया १९३३ मध्ये आणि युनायटेड ट्रेडर्स १९३५ मध्ये स्थापन झाली. या तिन्ही कंपन्या १९५६ मध्ये एकत्र येऊन हिंदुस्थान लिव्हर बनली आणि तिच्या भागभांडवलाचा दहावा हिस्सा भारतीय जनतेस विक्रीस काढण्यात आला. युरोपीयांच्या जागी भारतीयांना कनिष्ठ व वरिष्ठ व्यवस्थापकीय पदांसाठी तयार करावयाचे, हा निर्णय १९४२ मध्ये झाला. या वर्षाचे महत्त्व भारतीय वाचकास वेगळे सांगण्याची गरज नाही. मात्र निर्णयामागे केवळ राजकीय दूरदृष्टी होती असे मानणे भाबडेपणाचे होईल. युद्धामुळे विलायतेतून माणसे मिळत नव्हती, आणि मिळाली तरी ती महाग पडत. डी. के. फील्डहाउस यांनी युनिलिव्हरच्या सागरपार व्यवसायाचा जो इतिहास १९७८ मध्ये लिहिला, त्यातही या धोरणाचा विचार धंद्याच्या गरजेच्या अंगाने झालेला आहे.

या बदलाचे मूर्त रूप म्हणजे प्रकाश टंडन. १९११ मध्ये पंजाबातील गुजरात येथे जन्म. वडील पाटबंधारे खात्यात अभियंता. १९२९ मध्ये ते इंग्लंडला गेले, मँचेस्टरला शिकले, सनदी लेखापाल झाले. १९३७ मध्ये परत आल्यावर ते मुंबईत लिव्हरमध्ये रुजू झाले. पदवी लेखापालाची आणि प्रारंभीचे काम मात्र जाहिरात व बाजारपेठेचा अभ्यास यांचे. घरोघर जाऊन गृहिणी कोणता साबण वा कोणते तूप का वापरतात याची पद्धतशीर चौकशी करण्याचे हे काम त्या काळी भारतात नवेच होते. १९५१ मध्ये ते संचालक मंडळावरील पहिले भारतीय झाले आणि १९६१ मध्ये पहिले भारतीय अध्यक्ष. त्या वर्षी कंपनीच्या २०५ व्यवस्थापकांपैकी १९१ भारतीय होते. १९६८ मध्ये अध्यक्षपद व्ही. जी. राजाध्यक्ष यांच्याकडे गेले, तेच पुढे नियोजन आयोगाचे सदस्य झाले आणि विद्युतक्षेत्रावरील समितीमुळे त्यांचे नाव प्रशासनात परिचित झाले. टंडन यांनी राज्य व्यापार महामंडळ व पंजाब नॅशनल बँक या सार्वजनिक संस्थांचे अध्यक्षपद सांभाळले. आपल्या घराण्याचा व काळाचा वृत्तान्त त्यांनी १९६१ पासून तीन खंडांत लिहिला. भारतीय व्यवस्थापकाच्या आत्मकथनांत तो आजही पहिल्या प्रतीचा मानावा लागेल.

चोवीस वर्षांत प्रारंभीच्या पदापासून अध्यक्षपदापर्यंत, ही वाटचाल निःसंशय मोठी आहे. वसाहतीच्या काळात जे दार वंशाने बंद होते ते गुणवत्तेने उघडले. आयटीसी या नावाने पुढे प्रसिद्ध झालेल्या इम्पीरियल टोबॅको कंपनीत अजित हक्सर १९६९ मध्ये पहिले भारतीय अध्यक्ष झाले, ते याच क्रमाने. पण टंडन यांची पहिली पायरी कोणती होती, हे पाहिले म्हणजे चित्र पुरे होते. विलायती शिक्षण आणि सनदी लेखापालाची पात्रता घेऊन ते आत आले होते. शिवडीच्या कारखान्यात साबणाच्या कढईशी उभा असलेला कामगार त्या शिडीच्या पहिल्या पायरीच्याही खाली होता.

‘तळ’ कोणता?

टाटा उद्योगसमूहातील दोन उदाहरणे या संदर्भात बोलकी आहेत. जे. आर. डी. टाटा डिसेंबर १९२५ मध्ये विनावेतन उमेदवार म्हणून दाखल झाले, असे त्यांच्या चरित्रांत आवर्जून सांगितले जाते. ते खरे आहे. पण १९२६ मध्ये वडील रतनजी दादाभाई टाटा वारले आणि वर्ष उलटण्याच्या आत ते टाटा सन्सच्या संचालक मंडळावर आले. १९३८ मध्ये अध्यक्ष झाले. रूसी मोदी यांनी १९३९ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात साध्या पदावर काम सुरू केले. खलाशी म्हणून ते कामाला लागले, अशी आख्यायिकाच तयार झाली. १९८४ मध्ये ते कंपनीचे अध्यक्ष झाले आणि १९९३ पर्यंत राहिले. मजुरांत मिसळण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती, हे सर्वमान्य आहे. परंतु ते हॅरो आणि ऑक्सफर्ड येथे शिकले होते, आणि त्यांचे वडील सर होमी मोदी हे मुंबईच्या गिरणीमालक संघाचे अध्यक्ष होते. ज्या संघाच्या गिरण्यांत मुकादमाच्या पुढे कामगारास वाट नव्हती, त्याच्या अध्यक्षांचे चिरंजीव दुसऱ्या कारखान्यात ‘तळापासून’ आरंभ करीत होते.

यात कोणाचा उपहास करण्याचे कारण नाही. उमेदवारीचा काळ हे व्यवस्थापकाच्या शिक्षणाचे एक साधन होते आणि ते उपयुक्तही होते. हिंदुस्थान लिव्हरने १९७६ पासून आपल्या प्रशिक्षणार्थींना उत्तर प्रदेशातील एटा जिल्ह्यातील खेड्यांत काही आठवडे राहावयास पाठविले. तेथील तोट्यातील दुग्धप्रकल्पाशी जोडून हा कार्यक्रम सुरू झाला. शेतकऱ्याच्या घरी राहिलेला तरुण पुढे वस्तूंची किंमत ठरविताना वेगळा विचार करील, अशी अपेक्षा होती. तथापि तळाला भेट देणे आणि तळातून येणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि भाषेत मात्र त्या एकच होऊन बसल्या आहेत.

परदेशी तज्ज्ञांच्या जागी भारतीय आणण्याचे काम जमशेदपुरातही झाले. १९२१ मध्ये तेथे तांत्रिक विद्यालय निघाले, १९३८ मध्ये जहांगीर गांधी हे पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले. टाटांनी १९५६ मध्ये स्वतःची प्रशासकीय सेवा सुरू केली, तिचे नावच सरकारी सनदी सेवेची आठवण करून देणारे होते. १९६१ मध्ये अहमदाबाद व कोलकाता येथे व्यवस्थापन संस्था, १९६५ मध्ये मुंबईत जमनालाल बजाज संस्था निघाली. ३ एप्रिल १९७० पासून मॅनेजिंग एजन्सी पद्धत कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा घराण्याच्या हातून व्यावसायिक व्यवस्थापकाच्या हाती अधिकार जाण्याची प्रक्रिया निदान कागदावर पूर्ण झाली. या प्रत्येक टप्प्याने शिडी अधिक रुंद झाली. १९७४ मध्ये टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले गेले, तेव्हा सुधा कुलकर्णी (पुढे मूर्ती) यांनी थेट जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले आणि त्या तेथे अभियंता म्हणून घेतल्या गेल्या. लिव्हरमध्ये १९८७ मध्ये प्रशिक्षणार्थी म्हणून आलेले नितीन परांजपे २००८ मध्ये कंपनीचे मुख्याधिकारी झाले. त्याच १९८७ मध्ये टाटा कन्सल्टन्सीत दाखल झालेले, तामिळनाडूतील मोहनूर गावचे एन. चंद्रशेखरन २०१७ मध्ये टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. शिडी रुंद झाली, हे या नावांवरून दिसते. ती खाली जमिनीपर्यंत पोहोचली का, हे दिसत नाही. अभियांत्रिकीची किंवा व्यवस्थापनाची पदवी हीच तिची पहिली पायरी राहिली.

गिरणी कामगाराच्या घरातील मुलाची वर जाण्याची वाट या काळात शाळेतून गेली; गिरणीतून नव्हे. कवी नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगाराने वाढविले; त्यांनी गिरणीत काम केले, महानगरपालिकेच्या शाळेत शिपाई म्हणून नोकरी केली आणि परीक्षा देऊन १९६१ मध्ये ते शिक्षक झाले. शिपायाचा शिक्षक होण्याची सोय महापालिकेच्या सेवेत होती. साचेवाल्याचा मास्तर होण्याची तशी सोय शेजारच्या गिरणीत असती, तर किती जणांनी तिचा लाभ घेतला असता, हे आता सांगता येणार नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्याच राहिल्या नाहीत.

या विषयाच्या साधनांची स्थितीही त्याच दुभंगाची साक्ष देते. वरच्या शिडीवरील माणसांनी आत्मकथने लिहिली, कंपन्यांनी त्यांची कागदपत्रे जपली. खालच्या शिडीवरील मुकादम आयोगांच्या अहवालांत साक्षीदार म्हणून क्वचित, आरोपी म्हणून बहुधा भेटतो. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातील शंभर आवाजांचा मौखिक इतिहास २००४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात कामगार, कार्यकर्ते, कलावंत स्वतःच्या शब्दांत बोलतात. हेड जॉबरचे काम केलेली जी थोडी माणसे आज कोकणात वा चाळींतून हयात असतील, त्यांना बढतीविषयी, तिच्या आशेविषयी आणि ती कोठे थांबली याविषयी वेगळे प्रश्न विचारण्याचे काम अद्याप व्हावयाचे आहे. आणि त्यांचे वय पाहता त्यासाठी फार वर्षे हाती नाहीत.